नाही म्हणायला आप्पा

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत आप्पा दुसऱ्या मजल्यावर राहतात. म्हणजे, तिसऱ्यावर राहत नाहीत. ते स्वतः असंच सांगतात.

पाहुण्याला फोनवर पत्ता देताना त्यांना ऐकावं. "पश्चिमेला उतरायचं नाही. बाहेर रिक्षांची रांग दिसेल, त्यात बसायचं नाही. फडके रोडला वळू नका. गणपतीचं देऊळ लागलं तर समजा चुकलात."

"मग वळायचं कुठे?"

"आता उरलंच काय? एकच तर रस्ता!"

नाही, नव्हे, नको, नये. मराठीने नकाराची चार-चार भांडी घासूनपुसून मांडून ठेवलीत आणि आप्पांच्या घरात चारही रोजच्या वापरात आहेत. याज्ञवल्क्याने 'नेति नेति' म्हटलं ते ब्रह्माबद्दल, म्हणून खपून गेलं. दिङ्नाग नावाच्या बौद्ध पंडिताने तर शब्दाचा अर्थच असा लावला की गाय म्हणजे काय, तर गाय नसलेल्या सगळ्यांहून वेगळी ती. आप्पांनी दिङ्नाग वाचलेला नाही. वाचला असता तर "अगदीच चूक नाही" म्हणाले असते, आणि ही त्यांची सर्वोच्च पदवी आहे.

मध्यंतरी मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?"

"ताप नाही."

"बरं."

"खोकला नाही. छातीत दुखत नाही. जेवण जात नाही असंही नाही."

डॉक्टरांचं पेन हवेतच राहिलं. "अहो, मग आलात कशाला?"

"बरं नाही."

इथे डॉक्टर हरले. कारण आजारी माणसाने मराठीत दुसरं म्हणायचं तरी काय?

आंब्याच्या दिवसांत आप्पांना विशेष धार चढते. परवा गाडीवाला म्हणाला, "देवगड आहे, काका." आप्पांनी देठाशी नाक नेलं. "नव्हे." "रत्नागिरी म्हणा मग." "तेही नव्हे." सालीवरून अंगठा फिरवला, साल जाड होती. कापून दाखवायला लावला, तर आत केशरी नव्हे, पिवळा. 2018 साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून कर्नाटकातला आंबा कितीही गोड असला तरी कागदोपत्री हापूस नव्हे. सरकार आयुष्यात एकदा आप्पांच्या भाषेत बोललं, त्याचा त्यांना केवढा आनंद!

गाडीवाला शेवटी वैतागला. "कर्नाटकी आहे, पण गोड आहे ना?"

"आंबट नाही," आप्पा म्हणाले आणि दोन डझन घेतले.

त्याच आंब्यांच्या रसाला काकूंनी मला बोलावलं. त्या वाढत असताना मी सहज विचारलं, "काकू, आप्पांनी तुम्हाला पसंत केलं ते काय म्हणून?"

"माझ्या बाबांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? हे म्हणाले, नापसंत नाही. तेवढ्यावर बाबांनी मुहूर्त काढला. हो असं मी अजून ऐकलेलं नाही."

"तसं काही नव्हे," आप्पा ताटावरून म्हणाले.

काकूंनी रसाचं पातेलं त्यांच्याकडे वळवलं. "आणखी वाढू?"

"नको असं नाही."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत वाटी भरलेली होती.