गोटेच त हायेत!

नागपूरहून ताडोब्याला निघालेले पाहुणे चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला थांबतात ते फक्त चहापुरते. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर हिरवी टोपी आणि वाघाने पत्र पाठवून वेळ दिल्यासारखा चेहरा. चुकून एखाद्याने विचारलंच, की इथे पाहण्यासारखं काय आहे, तर टपरीवाला गाळणी झटकत सांगतो, "काय पाहाचं हाये भाऊ? गोटेच त हायेत!"

माणूस खोटं बोलत नाही. गोटेच आहेत. फक्त ते फार जुने आहेत, आणि त्यांच्यावर हक्क सांगणारे फार.

गावाला नावं दोन. एसटीच्या पाटीवर भद्रावती, रेल्वेच्या पाटीवर भांदक. भद्रावती म्हणजे जैमिनीच्या अश्वमेध-कथेतली, राजा यौवनाश्वाची. इथूनच भीमाने श्यामकर्ण घोडा पळवला, असं गाव मानतं. तेव्हापासून इथून काही ना काही नेण्याची पद्धतच पडली असावी. हल्ली कोळसा नेतात.

भांदकच्या नावाने मात्र इतिहासात पक्की नोंद आहे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, म्हणजे वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या नावावर आहे तोच, त्याचा शके 694 चा, म्हणजे इ.स. 772 चा ताम्रपट इथे सापडला. चिनी प्रवासी ह्युएन त्संगने पाहिलेली कोसलची राजधानी हीच, असंही काही जुन्या अभ्यासकांना वाटलं होतं. पुढच्यांनी ती राजधानी छत्तीसगडातल्या सिरपूरकडे नेली. सरकारी माणसांच्या बदल्या आम्हाला सवयीच्या, पण राजधानीची बदली झालेलं गाव विरळाच!

गावातल्या गोट्यांतलं मला सगळ्यात आवडतं ते विजासन. लहानशी टेकडी, वर झाडोरा, आणि तिच्या पोटात सरळ आत गेलेलं बौद्ध लेणं. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम 1873-74 च्या मध्य प्रांताच्या दौऱ्यानंतर भांदकबद्दल लिहून गेले, त्याच्या कितीतरी आधीपासून हे लेणं तिथे आहे. अजिंठ्यासारखी ऐसपैस दालनं इथे नाहीत. मुख्यतः एक लांबलचक बोगदाच, सुमारे सत्तर फुटांचा. दारातलं ऊन चार पावलांत संपतं. मग भिंतीला हात लावत जायचं. खडक उन्हाळ्यातही गार लागतो. वर वटवाघळांची कुजबुज, त्यांचा तो ओळखीचा वास. आणि टोकाशी, बाहेरचा उजेड जेमतेम पोचतो तिथे, आसनावर बसलेला भव्य बुद्ध. काळाने झिजलेला, पण बैठक तीच. पायाशी बहुधा ताजी फुलं आणि उदबत्तीची राख असते. चंद्रपुरी उन्हात बाहेर डोकं तापलेलं असताना ज्याने हे आत, खोल खोदायचं ठरवलं, त्याला अध्यात्म तर कळत होतंच, हवामानही कळत होतं.

गावातली बाकीची सत्ता नागाकडे आहे. भद्रनागाच्या देवळात नागपंचमीला रीघ लागते. जैनांच्या पार्श्वनाथाच्या डोक्यावरही फणाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका भक्ताच्या स्वप्नात नाग आला आणि वाट दाखवत त्याला भांदकच्या रानात या मूर्तीपाशी घेऊन गेला, असं सांगतात. म्हणून हे स्वप्नदेव. आज तिथे मोठं तीर्थ आहे आणि देशभरातून यात्रेकरू येतात. नागाने कुणाला दंश केला नाही, पत्ता सांगितला. आमच्याकडच्या सापांबद्दल इतकं चांगलं क्वचितच ऐकू येतं.

डोलारा तलावातल्या बेटाकडे जाणारा जुना पूलही पाहावा. जाडजूड दगडी खांब ओळीने उभे, त्यावर आडव्या शिळा. कंत्राट कुणाला होतं ते खांबांवर लिहिलेलं नाही; काम टिकलं, एवढं दिसतं.

वाघाशी माझं वैर नाही. पण त्याच्यासाठी पहाटे चारला उठायचं, जिप्सीत धूळ खायची, आणि तो झुडपामागून शेपटीही दाखवत नाही. परतीच्या गाडीतले ते चेहरे आम्ही चहाच्या टपरीवरून नेहमी पाहतो. विजासनचा बुद्ध मात्र हमखास दिसतो. तेव्हा पुढच्या वेळी ताडोब्याला जाताना दोन तास आमच्यासाठी राखून ठेवा. टॉर्च चांगला न्या, मोबाईलचा पुरत नाही. आणि आत बोलायचं असेल तर हळू बोला, वटवाघळं झोपलेली असतात.