कन्नारेजोकाकांचं घर

पत्ता सापडत नाही म्हणणाऱ्या माणसाबद्दल मला कधी सहानुभूती वाटलेली नाही. माझा जन्म नारायण पेठेतला. आमच्याकडे पत्ता म्हणजे एक आकडा आणि एक पेठ, संपलं. एखादा कुरियरवाला सदाशिवातल्या त्याच नंबरावर जाऊन घाम पुसत आमच्या दारात आला, की त्याला पायरीवर उभं करून ‘पेठ वाचता येत नाही का?’ असं विचारायचं आणि पाणी न विचारता सोडायचं, हा आमच्या वाड्याचा रिवाज.

तर असा मी, मे महिन्यातल्या एका सकाळी अकरा वाजता, बायकोसह व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनवर उतरलो. यात्रा कंपनीबरोबर नव्हे. झेंड्यामागून मेंढरासारखं चालणं आपल्याला जमणार नाही, असं माझं घरी, सोसायटीत आणि विमानात शेजारच्या अनोळखी गृहस्थांना सांगून झालं होतं. फोनचं परदेशी पॅकही घेतलं नव्हतं. एवढंसं बेट, त्यात हरवायचंय काय? पुढे कळलं की ते एक बेट नाही. 118 बेटं आहेत, आणि त्यांना जोडणारे चारशेच्या वर पूल.

खोली ठरवलेली होती. कागदावर लिहिलं होतं : कन्नारेजो, पुढे एक तीन आकडी नंबर. रस्त्याचं नाव नाही. मी ताडलं, कन्नारेजो हे मालकाचं आडनाव असणार. आपल्याकडे नाही का, ‘जोशी, 312’? प्रवासभर मी त्यांचा उल्लेख कन्नारेजोकाका असाच करत होतो. काका जेवायला घालतील का, काकांना लसणाची चटणी चालेल का, वगैरे.

स्टेशनच्या पायऱ्या उतरलं की समोर थेट ग्रँड कॅनॉल. डाव्या हाताला दगडी कमानीचा देखणा पूल, आणि पूल न ओलांडता तसंच पुढे गेलं तर एक सरळ, रुंद, गर्दीचा रस्ता.

“अहो, सगळे त्या रस्त्याने चाललेत,” ही म्हणाली.

“म्हणूनच आपण पुलावरून जायचं.”

त्या पुलाचं नाव स्काल्झी. जवळच्या चर्चमधल्या अनवाणी साधूंवरून पडलेलं. आमच्या सुटकेसचंही तिथेच अनवाणी व्हायचं ठरलं होतं. व्हेनिसमधला पूल म्हणजे पूल नसतो, जिना असतो. चढायचा, उतरायचा, वीस पावलं चालायचं की पुढचा हजर. सुटकेस तेवीस किलोची. त्यात भाजणी, मेतकूट, दोन किलो पातळ पोह्यांचा चिवडा आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेला छोटा कुकर. चौथ्या पुलाच्या उतारावर तिचं एक चाक सुटलं, टणटण करत सात पायऱ्या उतरलं, काठावर क्षणभर थबकलं आणि पाण्यात गेलं. शेजारून जाणाऱ्या गोंडोल्यातल्या जोडप्याने टाळ्या वाजवल्या.

मग मी विचारायला सुरुवात केली, म्हणजे हिने मला विचारायला लावलं. पहिल्या माणसाने कागदाकडे न बघताच हात लांब करून सांगितलं, “सेंप्रे द्रित्तो.” सरळ, सरळच जा. दुसऱ्यानेही तेच. आता त्या गावात सरळ असं काही नाहीच. बोळ कोपरापर्यंत येतो आणि वळतो, वळून एका कमानीखाली शिरतो, कमानीतून बाहेर पडलं की शेवाळलेल्या तीन पायऱ्या आणि पुढे पाणी. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, ऊर भरून आला. समोरच्याला कटवण्याची ही पद्धत लक्ष्मी रोडच्या पलीकडे इतक्या दूर कुणी जपली असेल, असं वाटलं नव्हतं. पाट्याही तशाच. भिंतीवर पिवळी पाटी, ‘रिआल्टोकडे’, आणि बाण दोन : एक डावीकडे, एक उजवीकडे.

आम्ही रिआल्टोला पोचलो तोवर हिने अकरा पूल मोजले होते. 1591 साली पुरा झालेला तो प्रसिद्ध पूल समोर होता. मी त्याच्याकडे पाठ करून दारांवरचे नंबर वाचत होतो. आणि सापडला! दोन दुकानांच्या मधलं अरुंद दार, त्यावर आमचा तीन आकडी नंबर. मी हिच्याकडे जे पाहिलं ते आता आठवलं तरी लाज वाटते. बेल दाबली. वरच्या मजल्यावरची हिरवी झडप उघडली आणि एक आजी डोकावल्या.

“कन्नारेजो?” मी हात जोडून विचारलं.

“नो, नो! सान पोलो!”

मला वाटलं आजी आपलं नाव सांगताहेत. म्हणून मीही माझं सांगितलं.

आजींनी झडप लावली. दोन मिनिटांनी हातात खडू घेऊन खाली आल्या आणि दगडी उंबऱ्यावर त्यांनी एक उलटा एस काढला. तो ग्रँड कॅनॉल. मग त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा तुकडे पाडले. एका तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, सान पोलो. कालव्यापलीकडच्या तुकड्यावर बोट आपटून म्हणाल्या, कन्नारेजो. सहा पेठा! प्रत्येक पेठेत नंबर पहिल्यापासून सुरू, काही ठिकाणी थेट पाच-सहा हजारांपर्यंत. नंबर बरोबर होता. पेठ चुकली होती. आजींनी कागदावरचं ते नाव माझ्या नाकासमोर धरलं. शब्द इटालियन होते, पण वाक्य मला तोंडपाठ होतं. पाणीही विचारलं नाही.

“इथून स्टेशनाकडे बोटीने जाऊ,” ही म्हणाली. तिकीट माणशी साडेनऊ युरो. धक्क्यावर बोट लागली, मी “हीच आपली” म्हणालो, त्यामुळे ती साहजिकच उलट दिशेला निघाली. वाटेत सान मार्कोचा उंच मनोरा आणि घुमट असे काही समोर आले की उतरायचं भान राहिलं नाही, आणि आम्ही शेवटच्या थांब्यावर, लिडो बेटावर लागलो. इथे 1932 पासून फिल्म फेस्टिव्हल भरतो. मला दिसली ती बस. खरी, चाकांची, रस्त्यावरून धावणारी बस! तीन तास फक्त पूल आणि पाणी पाहिलेला मी तिच्याकडे इतक्या मायेने बघत राहिलो की ड्रायव्हरने दार उघडून धरलं. हिने मला दंडाला धरून परत बोटीत बसवलं. आणखी एकोणीस युरो.

पुन्हा स्टेशन. पुन्हा तोच पूल, या वेळी लांबूनच. आम्ही त्या सरळ, रुंद, गर्दीच्या रस्त्याला लागलो आणि हॉटेलांच्या रांगेत तो नंबर आला. पूल शून्य.

दारात एक हसरा तरुण मुलगा होता. वाट पाहून कंटाळला असावा. त्याने इंग्रजीत विचारलं, “गाडीला उशीर झाला का?”

“नाही, अकराला आली.”

त्याने घड्याळ पाहिलं. साडेतीन. मग रस्त्याच्या टोकाला दिसणाऱ्या स्टेशनाकडे पाहिलं, आणि शेवटी तीन चाकांच्या सुटकेसकडे.

“अहो,” ही खुर्चीत टेकत म्हणाली, “सांगा की त्याला, तुम्हाला शॉर्टकट माहीत होता म्हणून.”