आत्ताच तर क्लच टाकलाय!

गाडी कधी विकावी, याबद्दल प्रत्येकाचं एक मत असतं. पाच वर्षं झाली की विका म्हणणारे असतात, लाखभर किलोमीटर झाले की विका म्हणणारे असतात, आणि हप्ते फिटले की दुसऱ्याच दिवशी नव्या गाडीचं बुकिंग करणारा एक तरी माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. तात्यांचं मत या कशातच बसत नाही. त्यांना विचारलं की ते आपल्याकडे दयेनं बघतात आणि म्हणतात, "विकायची कशाला मर्दा? आत्ताच तर क्लच टाकलाय!"

दर खेपेला क्लचच असतो असं नाही. कधी रेडिएटर असतो, कधी बॅटरी, कधी मागचे दोन टायर. वाक्य तेच राहतं. असे तात्या प्रत्येक गावात असतात. पुण्यातले तात्या स्कूटर सोडत नाहीत, नाशिकचे तात्या जीप सोडत नाहीत. मी सांगतोय ते कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. गाडी १९९८ ची मारुती ८००, एका हाताची. रंग मूळचा पांढरा.

तात्यांचं तर्कशास्त्र एकदा समजून घेण्यासारखं आहे. गुळगुळीत टायरची गाडी दाखवली तर गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, म्हणून विकण्यापूर्वी टायर टाकायचे. टायर टाकले की ते झिजेपर्यंत वापरायला नकोत का? ते झिजेपर्यंत सायलेन्सर सडतो. सडक्या सायलेन्सरची गाडी कोण घेणार, म्हणून सायलेन्सर बदलायचा. आता नव्या सायलेन्सरची गाडी दुसऱ्याच्या घशात कशी घालायची? अशा रीतीनं ही गाडी पाव शतकाहून जास्त काळ विक्रीच्या उंबरठ्यावर उभी आहे.

सगळ्या खर्चाची एक वही आहे. लाल कापडी पाठीची, लांबट, दुकानदार वापरतात तसली. तारीख, मीटरचा आकडा, काम, रुपये असे चार रकाने, आणि अक्षर सरकारी खात्यात घडलेलं, सुवाच्य. मधल्या एका वर्षी मीटरची केबल तुटली. ती मात्र तात्यांनी बदलली नाही. 'त्यावाचून गाडी अडत नाही.' तेव्हापासून किलोमीटरच्या रकान्यात खालपर्यंत 'वरीलप्रमाणे' लिहिलेलं आहे. म्हणजे कागदोपत्री ही गाडी कैक वर्षांत एक इंचही हललेली नाही, आणि तरीही तिला नवे ब्रेक शू लागले, बॉल जॉइंट लागले, एकदा इंजिन उतरवून रिंगा टाकाव्या लागल्या. पानाच्या तळाशी बेरजेची जागा कोरी असते. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बेरीज केली की माणूस भितो."

सकाळी ही गाडी सुरू करणं हे चहा घेऊन बघायला बसावं असं काम आहे. कार्ब्युरेटरचं इंजिन, त्यामुळे आधी चोक ओढायचा. मग ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा, तिसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा दाबला की पेट्रोल ओव्हर होतं आणि मग पुढचा अर्धा तास सगळ्यांनी गप्प बसायचं. मग चावी. पहिल्या सेल्फला ती नुसती कण्हते. दुसऱ्याला तात्या डॅशबोर्डवर दोन बोटं ठेवतात. तिसऱ्याला तिन्ही सिलिंडर एकापाठोपाठ एक जागे होतात आणि गल्लीला कळतं की आठ वाजले. "बघ, हाफ सेल्फ!" असं तात्या त्यावर म्हणतात. मागच्या डाव्या खिडकीची काच वर राहावी म्हणून तिथे घडी केलेली लग्नपत्रिका खोचलेली आहे. सध्याची पत्रिका कोणत्या लग्नाची आहे ते काकूंना तोंडपाठ आहे, कारण मागच्या सीटवर त्याच बसतात.

गाडीत बोलायला मात्र बंदी. चांगल्या गप्पा रंगलेल्या असताना तात्या एकदम हात वर करतात. "थांबा. ऐका." सगळे ऐकतात. आपल्याला फक्त खडखड ऐकू येते. तात्यांना त्यातला बुश वेगळा आणि बेरिंग वेगळं ऐकू येतं. "हा पुढचा डावा बुश. अजून चार महिने काढेल." आणि तो खरोखर चार महिने काढतो. हे कसब खोटं नाही. शोरूममध्ये लॅपटॉप जोडून सांगतात ते तात्या रस्त्याच्या खड्ड्यावरून सांगतात.

चैत्रात जोतिबाला जायचं तर त्यांच्याबरोबर एकदा जाऊन बघाच. चढाला लागलं की तापमानाचा काटा वर सरकू लागतो. मग तात्या हीटर पूर्ण सोडतात. इंजिनाची उष्णता आत घेतली की इंजिन गार होतं, हे शास्त्र बरोबरच आहे. बाहेर एप्रिलचं ऊन, आत गरम वाऱ्याचा झोत, काकूंच्या मांडीवर गुलाल-खोबऱ्याची पिशवी, आणि तात्या घाम पुसत विजयी मुद्रेनं म्हणतात, "काटा खाली आला का नाही?" काटा खाली येतो. तरीही गाडी अडली तर धक्का आहेच: दिवाळसणाला आलेल्या जावयाला सासऱ्यांनी अंगठी दिली आणि दुसऱ्या दिवशी धक्का मारायला लावलं, हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे.

तात्यांचं दैवत दिल्लीला होतं. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची चावी ज्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली, त्यांनी ती गाडी २०१० साली मरेपर्यंत विकली नाही. तात्या हे दर महिन्याला कुणाला तरी सांगतात. हरपाल सिंग यांच्यामागे ती गाडी दारात गंजत पडली होती, हा भाग ते सांगत नाहीत. २०१४ च्या जानेवारीत कंपनीनं ८०० बनवायची बंद केली, तेव्हा लोकांना वाटलं तात्या आता तरी नमतील. तात्या उलट खूश झाले: आता तिची किंमत वाढणार! पार्ट मिळेना झाले, तर काही ओम्नीचे बसतात. २०१९ ला ओम्नीही बंद झाली. तरी उद्यमनगर आहेच. जिथे पंपाचे शाफ्ट आणि ट्रॅक्टरचे भाग लेथवर उतरतात, तिथे तात्यांचा एवढासा बुश काय जड आहे?

सरकारनंही प्रयत्न करून पाहिले. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग लागतं. २०१८ ला तात्यांनी त्याची फी सहाशे रुपये भरली. २०२३ ला गेले तर पाच हजार. आता वीस वर्षांपुढच्या मोटारीला दहा हजार झालेत, वर पर्यावरण कर आहेच. शहाण्यानं यातून इशारा घेतला असता. तात्यांनी निष्कर्ष काढला तो असा: "पाच वर्षांचं पासिंग आत्ताच करून घेतलंय. आता विकली तर पाच हजार पाण्यात!"

कंटाळला तो मिस्त्री. एरवी मिस्त्री लोक असल्या गिऱ्हाइकावर घर बांधतात म्हणे. हा बिचारा हात जोडून म्हणतो, "तात्या, आता ऐका की माझं. द्या मोडीत." तात्यांनी त्यावर महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं. गाडी बंद पडली तेव्हा समेट झाला.

गंमत अशी की कागदावर तात्या हरत नाहीत. विमा कंपन्या घसाऱ्याचा जो तक्ता लावतात त्यात नव्या गाडीची किंमत सहा महिन्यांत पाच टक्के, वर्षभरात पंधरा टक्के उतरते आणि पाचव्या वर्षी निम्म्यावर येते. सात लाखांची गाडी घेतली तर पाच वर्षांत साडेतीन लाख नुसते उभ्या-उभ्या गेले, म्हणजे वर्षाला सत्तर हजार. कर्जाचं व्याज वेगळं. तात्या वाईटातल्या वाईट वर्षीही एवढा खर्च करत नाहीत. नवी गाडी पैसे खाते तेव्हा आवाज येत नाही. जुनी खाते तेव्हा रस्त्यात थांबून, चारचौघांत, बॉनेट उघडून खाते. एवढाच फरक. त्यामुळे 'दुरुस्तीचा खर्च परवडत नाही' म्हणून जुनी गाडी काढणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मुळात दुरुस्तीची लाज वाटत असते, असं माझं मत आहे.

पण त्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. २०१९ पासून नव्या गाडीला या दोन्ही गोष्टी सक्तीच्या आहेत, निदान ड्रायव्हरपुरती एअरबॅग तरी. हे म्हटलं की तात्या म्हणतात, "मी चाळिसाच्या वर पळवतच नाही." महामार्गावर मागून येणारा ट्रक किती पळवतो, याला त्यांच्याकडे उत्तर नाही. शिवाय गाडी गावाला नेण्याइतका भरवसा त्यांचाही राहिलेला नाही. तेवढं कबूल करण्यापेक्षा ते प्रवासाचा बेतच रद्द करतात.

काकूंनी याच्यावर भांडण न करता तोडगा काढला. दवाखान्याला रिक्षा, लग्नकार्याला पुतण्याची गाडी, आणि लेकीकडे पुण्याला एसटी. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर त्या तात्यांना विचारतही नाहीत. पिशवी भरतात आणि सीबीएस स्टँडला जातात. या रिक्षांचे आणि एसटीचे पैसे तात्यांच्या वहीत कुठेच नाहीत.