बाज सरकव

तपकीर गल्लीतल्या सोलरच्या दुकानात काउंटरवरचा पोरगा मला ‘काका’ म्हणाला, तिथंच माझा निम्मा रुबाब उतरला. एकतीस वर्षं बारावीला भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला निदान ‘सर’ तरी म्हणावं. तरीही मी घडी उलगडून कागद काउंटरवर ठेवला आणि म्हणालो, “तीन किलोवॉटचा सेट हवाय.”

“बंगला कुठंय काका?”

“बंगला नाही. गाडी.”

गाडी म्हणजे ग्रॅच्युइटीतून घेतलेली जुनी ट्रॅव्हलर. सीटा काढून तिच्यात पलंग, ओटा आणि छोटा फ्रिज बसवला होता. आरटीओच्या पायऱ्या झिजवून झाल्या होत्या. राहिली होती फक्त टपावरची सोलरची प्लेट, आणि ती किती वॉटची घ्यायची हे मी सोडून दुसरं कोण सांगणार? कागदावर सुवाच्य अक्षरात यादी होती: इंडक्शन २०००, मिक्सर ७५०, लॅपटॉप ६० (आत्मचरित्रासाठी), स्पीकर ५०, फ्रिज ४५, पंखा २८, दिवे २०. बेरीज २९५३. वरचे सत्तेचाळीस पाहुण्यांसाठी.

पोरानं यादी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. “काका, मिक्सर किती वेळ चालतो?”

“चटणीपुरता. पाच मिनिटं.”

“मग साठ वॉट-तास झाले की.”

“साडेबासष्ट,” मी म्हणालो. तेवढंच हातात उरलं होतं.

दर जूनमध्ये मी फळ्यावर लिहायचो: वॉट म्हणजे वेग, वॉट-तास म्हणजे काटलेलं अंतर. पोरं गोंधळली की खडू फेकून मारायचो. आणि इथं मी सगळ्यांचे वेग एकत्र मिळवून गाव किती लांब आहे ते काढलं होतं. तीन किलोवॉट म्हणजे ५४० वॉटच्या सहा प्लेटा, एकेक सव्वादोन मीटर लांब. सगळ्या मिळून साडेपंधरा चौरस मीटर. माझा टप जेमतेम आठ. उरलेल्या प्लेटा वाहायला मागून दुसरी गाडी लागली असती.

पोरानं माझ्याच कागदाच्या पाठीवर नवा हिशोब मांडला. याला सोलरवाले ‘लोड काढणे’ म्हणतात. इंडक्शन पाऊण तास चालवलं तर एकट्याचे दीड हजार वॉट-तास, आणि बाकीचं अख्खं घर दिवसभरात हजारात भागतं. म्हणजे इंडक्शन रद्द, गॅसची शेगडी आत. ऊन दिवसभर दिसत असलं तरी ऐन दुपारच्या मोलाचे तास पाचच धरायचे. त्यातून धूळ, वायर, आडवी बसवलेली प्लेट आणि उष्णता यांचे तीस टक्के कापायचे. उत्तर आलं तीनशेच्या आत. ३३० वॉटची एक प्लेट पुरे.

“उष्णतेचे कसले कापतोस?” मी विचारलं. पण उत्तर मलाही ठाऊक होतं. प्लेटेवर छापलेले वॉट स्थळाच्या पत्रिकेतल्या पगारासारखे असतात. ते प्रयोगशाळेतले, सेल २५ अंशांवर असतानाचे. एप्रिलात टपावर सेल ६५ अंशांला जातो आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्के कमी देतो. उन्हावर जगणाऱ्यालाही ऊन बाधतं.

हे सगळं आमच्या आईला कोणी शिकवलं नव्हतं. औशाला आमच्या घराला माळवद होतं आणि चैत्रात त्यावर तिचं वीजनिर्मिती केंद्र चालायचं. पायलीभर गव्हाच्या कुरडयांना चार बाजा लागतात, हा तिचा नियम. तीन दिवस गहू भिजवून चीक काढायच्या आधी ती आभाळाकडे बघून घ्यायची, कारण चीक तयार झाल्यावर ढग आले तर सगळं आंबायचं. आजचं ऊन कोवळं, उद्याचं कडक, परवा कुरडया उलटायच्या, हे तिच्या डोक्यात पक्कं असे. पापडाला ती उन्हाचा नुसता वास लागू द्यायची, नाहीतर तो तडकायचा. सांडगे मात्र भाजून निघाले तरी चालायचे. शेजारच्या लिंबाची सावली अकराच्या सुमाराला पूर्वेच्या बाजेवर यायची. खालून, चुलीपुढून, न बघता ती ओरडायची, “सावली आली! बाज सरकव की रे!” सावली खरंच आलेली असायची. मी नऊ वर्षांचा, हातात काठी, हुद्दा कावळे हाकणारा. पगार म्हणून ओल्या चिकाचा एक गोळा, साखर घालून. पुढं मी एम.एस्सी. झालो तेव्हा आई म्हणाली होती, “उन्हाचं शिकलास का काही?” मी हसलो होतो.

तर तो कागद घेऊन मी घरी आलो आणि शोध माझाच असल्यासारखा बायकोपुढे मांडला. तिनं चष्मा लावून वाचला.

“अहो, यात फ्रिज बारा तासच धरलाय.”

“तो मधेमधे बंद पडतो. कॉम्प्रेसर.”

“आणि दोन दिवस पाऊस लागला तर?”

“तर ताक जरा आंबेल. त्यात काय?”

ती काही बोलली नाही. पेन्सिल घेतली आणि फ्रिजच्या ओळीपुढे बारीक अक्षरात लिहिलं, ‘माझं इन्सुलिन’. चार वर्षं झाली ती घेतेय. रोज माझ्यासमोरच घेते. अजून न लिहिलेल्या आत्मचरित्राला माझ्या यादीत वीज होती, आणि फ्रिज होता तो ताकासाठी. मी उगाचच उठून पंखा वाढवला.

दुसऱ्या दिवशी पोरानं ‘बॅकअप’ विचारला तेव्हा मी म्हणालो, दोन दिवस, प्लेट झाकलेली असली तरी. स्पीकर खोडला. त्या पैशांत थोडी भर घालून १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी घेतली. अडीच युनिट साठवते. पोराला कारण सांगितलं नाही. “बरोबर सर,” तो म्हणाला, आणि नेमकं तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

पहिली मुक्कामाची जागा गुहागर, सुरूच्या झाडांत. गाडी उन्हात लावली तर आतली भट्टी होते आणि फ्रिज दम न घेता चालतो. सावलीत लावली तर टपावरची प्लेट झोपते. प्लेटेतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. एकावर फांदीची सावली पडली तरी ओळीतल्या बाकीच्यांचा प्रवाह अडतो. हेही मी शिकवलं होतं, शक्यतो शेवटच्या तासाला. बायकोनं गाडी सरळ सावलीत घ्यायला लावली आणि पलंगाखालून घडीची १०० वॉटची प्लेट काढली. ही तिनं मला न विचारता घेतली होती. लांब वायरही होती.

तेव्हापासून मी वाळूत खुर्ची टाकून बसलोय. सुरूची सावली पुढं आली की गाडीतून आवाज येतो, “अहो, सरकवा!” मी प्लेट हातभर सरकवतो. आत्मचरित्राचं पहिलं वाक्य अजून सुचायचंय. आत्ताच एक कावळा प्लेटेच्या कोपऱ्यावर येऊन बसला, इकडेतिकडे बघितलं आणि शेपटी उचलली. मी काठी शोधायला उठलो.