बहिष्काराचा फासा

मार्च २०१५. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर माइक पेन्स यांच्या टेबलावर ‘धर्मस्वातंत्र्या’चा कायदा. धर्माचं नाव पुढे करून दुकानदार समलिंगी गिऱ्हाइकाला वाटेला लावणार, ही धास्ती. इंडियानापोलिसमध्ये दरसाल भरणाऱ्या ‘जेन कॉन’ या खेळमेळ्याने पत्र धाडलं: आमच्यामुळे ५६ हजार माणसं येतात, पाच कोटी डॉलर फिरतात, बघा बुवा. पेन्स यांनी बघितलं आणि २६ मार्चला सही ठोकली. मेळ्याचा शहराशी करार २०२० पर्यंतचा, तोवर मेळा हलणार नव्हताच. धमकी पाच वर्षांच्या उधारीवर!

मग बाणेदार मंडळींत सूर निघाला, मेळ्यालाच जायचं नाही. म्हणजे कायदा केला विधिमंडळाने आणि शिक्षा त्याविरुद्ध पत्र लिहिणाऱ्याला.

आठवड्याभरात कायद्याला दुरुस्तीचं ठिगळ लागलं खरं. पण सेल्सफोर्ससारख्या बड्या कंपन्यांनी आणि एनसीएएसारख्या क्रीडासंस्थेने डोळे वटारले होते. पत्राचा खारीचा वाटा धरू. त्या उन्हाळ्यात मेळ्याला ६१ हजारांवर गर्दी, तोवरचा उच्चांक. बाणेदारांच्या रिकाम्या खुर्च्या कुणाला मोजायच्या असतील, तर आधी बसायला जागा मिळायला हवी होती.