एक जूनची मुलं

मोखाड्यात पब नाही, आणि तो नाही म्हणून कोणी तहसील कचेरीवर मोर्चा नेल्याचं ऐकिवात नाही. मोर्चे निघतात ते पाण्यासाठी, रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीसाठी, वनपट्ट्यांसाठी. मोहाची फुलं वेचून झाली की एखाद्या घरात थोडी गाळली जाते. ती कायद्यात बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तिथे वयाचा पुरावा कोणी मागत नाही. चुलीपाशी बसलेली म्हातारी "तू अजून ल्हान हायेस" एवढंच म्हणते आणि विषय संपतो. त्यावर अपील नाही.

पबशी गाठ पडते ती तोरंगण घाट ओलांडून नाशकात गेल्यावर. माझा भाचा सातपूरला एका कारखान्यात कामाला आहे. त्याच्याच आश्रमशाळेतले तिघे त्याच्या खोलीवर राहतात. पगार झाला त्या शनिवारी हे चौघे इस्त्रीचे शर्ट घालून एका पबच्या दारात उभे राहिले. दारावरच्या बाउन्सरनं आधार कार्ड मागितलं. पहिल्याची जन्मतारीख ०१/०६/२००३. ठीक. दुसऱ्याची ०१/०६/२००३. तिसऱ्याची तीच. चौथ्याचीही तीच. बाउन्सरनं चारही कार्डं पत्त्याच्या पानांसारखी हातात पसरली आणि विचारलं, "कुठून छापून आणली रे?"

भाचा म्हणाला, "छापली नाहीत साहेब. तारीख आमच्या गुरुजींनी दिलीय."

उत्तर अक्षरशः खरं होतं, आणि म्हणूनच ते कोणाला पटणं शक्य नव्हतं.

मग पाकिटं उघडली. मतदार ओळखपत्र निघालं. त्यावरही एक जूनच, म्हणजे संशय आणखी पक्का. जातीचा दाखला निघाला, कारण आमच्याकडचा पोरगा घराबाहेर पडताना तो खिशात ठेवतोच; पण त्यावर वय नसतं. एकानं मोबाइलवर डिजिलॉकर उघडून दाखवलं, तर "मोबाइलवरचं चालत नाही, ओरिजिनल पाहिजे." डिजिलॉकरमधला कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा धरावा, असं केंद्र सरकारनं २०१७ मध्येच जाहीर केलंय. पण राजपत्र वाचून दारावर उभं राहणारा बाउन्सर अजून जन्माला यायचाय, एक जूनला किंवा आणखी कधी. शेवटी बाउन्सर म्हणाला, "लायसन असेल तर बोला." लायसन चौघांत एकाकडेच होतं. आमचं आरटीओ एमएच ४८ चं, वसई-विरारकडे, मोखाड्यापासून शंभरावर किलोमीटर. लायसन काढायला जायचं म्हणजे आधी गाडी पाहिजे, आणि गाडी चालवायची तर आधी लायसन. एकट्यानं आत जाऊन काय करणार, म्हणून चौघेही परत फिरले आणि पावभाजी खाऊन झोपले.

भाचा फोनवर मला म्हणाला, "मामा, मतदानाला गेलो तेव्हा हेच कार्ड चाललं. कंपनीत हेच चाललं, बँकेत हेच चाललं. सरकार निवडायला मी मोठा आणि बियर प्यायला लहान?"

यावर मामानं काय बोलावं? खरं तर या बाबतीत आपलं राज्य फार विचारी आहे. आपल्याकडे दारू विकली जाते ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली, इथूनच सुरुवात करावी लागते. त्यातही नियमाप्रमाणे पिणाऱ्याकडे परमिट पाहिजे, आणि ते परमिट मौजेसाठी नसतं, आरोग्य राखण्यासाठी असतं. पाच रुपयांचं एक दिवसाचं परमिट घेऊन माणूस त्या दिवसापुरतं आरोग्य राखतो. वयाचं म्हणाल तर बियर आणि वाइनला २१ पूर्ण, व्हिस्की-रमला २५. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायलाही २१ लागतात आणि लोकसभेची लढवायला २५. म्हणजे सरपंच बियरपर्यंत जाऊ शकतो, व्हिस्कीसाठी खासदारकीच्या वयाला पोचावं लागतं. कोणी तरी मोठ्या विचारानं हे कोष्टक बसवलं असणार. २०११ मध्ये अभिनेता इम्रान खान या पंचविशीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. पंचविशी अजून जागच्या जागी आहे.

बाउन्सरला मात्र मी दोष देत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि तो मुलगा आधी कुठे कुठे बसून आला होता हे सगळ्या महाराष्ट्राला कळलं. त्यानंतर दारावर उभ्या राहणाऱ्या माणसानं कार्ड उलटसुलट करून बघणं यात वावगं काही नाही. फक्त त्याला त्याची स्वतःची जन्मतारीख विचारायला हवी होती, असं राहून राहून वाटतं. तो बीडकडचा किंवा सुरगाण्याकडचा असेल तर आठ आणे पैज लावायला मी तयार आहे. माझी कोणती, ते विचारू नका.

एक जूनचं गूढ बाहेरच्यांना असतं, आम्हाला नाही. शाळा जूनमध्ये उघडते. आई किंवा आजी पोराला घेऊन येते. गुरुजी विचारतात, "जन्म कधीचा?" आई सांगते, "राब भाजत होतो तव्हाचा." म्हणजे एप्रिल-मे. दुसरी सांगते, आवणी चालू होती, पाऊस लई होता. तिसरी सांगते, नागली कापून झाली होती आणि आम्ही भट्टीवर जायला निघालो होतो. चौथीचं पोर भट्टीवरच झालेलं, भिवंडीकडे की वसईकडे, तेही नक्की नाही, कारण त्या साली दोन मालक बदलले होते. दिवाळी झाली की आमचे पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. तिथल्या झापात जन्मलेल्या पोराची नोंद करायला मालकाला वेळ नव्हता, आईबापाला माहिती नव्हती, आणि ग्रामसेवकाच्या हद्दीत तो जन्म झालेला नव्हता.

आई सांगते ती माहिती चुकीची नसते. उलट अगदी बारीक असते. पाऊस किती होता, घरात दाणे होते का, सुईण कोण होती, सगळं तिला पाठ असतं. नसतो तो फक्त आकडा. मग गुरुजी पोराला उभं करतात, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावतात. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. त्यातून साल निघतं, आणि त्या सालाला एक जून जोडला की शाळा उघडायच्या दिवशी वय बरोबर भरतं. हिशेब चोख. भाच्याच्या शेजारच्या घरातले दोघे भाऊ एकाच सकाळी शाळेत आणले होते. थोरल्याला २००२ चा एक जून मिळाला, धाकट्याला २००३ चा. मधले खरे पावसाळे तीन की चार, यावर त्यांच्या आईबापात अजून वाद आहे.

हे फक्त मोखाड्या-जव्हारचं आहे असं मात्र नाही. सगळ्या महाराष्ट्रात एक जून हा वाढदिवसाचा सणच आहे. त्याचा खरा हिशेब लागतो तो ३१ मेला. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे ३१ मेला कचेऱ्याकचेऱ्यांतून शाल-श्रीफळाची रांग लागते. पन्नासेक वर्षांपूर्वी कुठल्या तरी गुरुजींनी कान धरायला लावून टाकलेला अंदाज त्या दिवशी तिजोरीला एकदम लागू होतो.

कागदाचं कौतुक वाटतं ते यासाठी. शाळा सोडल्याचा दाखला कधी नीट बघा. जन्मतारीख आकड्यात असते, खाली अक्षरी असते: एक जून दोन हजार तीन. बाजूला जांभळा गोल शिक्का, मुख्याध्यापकांची सही, वर्तणूक चांगली, आणि तळाला बारीक अक्षरात दम भरलेला असतो, की यात कोणी खाडाखोड केली तर कारवाई होईल. गुरुजींचा अंदाज एकदा अक्षरी लिहिला गेला की तो अंदाज राहत नाही. दाखल्यावरून आधार होतं, आधारवरून मतदार कार्ड, त्यावरून बँकेचं पुस्तक, मग लायसन. प्रत्येक टेबलावरचा माणूस आधीच्या टेबलावरच्या शिक्क्यावर भरवसा ठेवतो. मागे मागे जात गेलं तर शेवटी एक लहान पोर हात डोक्यावरून नेऊन कान चाचपडताना सापडतं.

आणि न्यायालयंसुद्धा शेवटी त्या पोरापाशीच येतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात वय ठरवायचा क्रम दिलाय: आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. हाडं तिसऱ्या नंबरवर, गुरुजी पहिल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात सांगितलं की आधार हे ओळखीसाठी आहे, जन्मतारखेचा पुरावा नव्हे. वय शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून धरा. म्हणजे नाशकातल्या त्या दारावर आधारऐवजी शाळेचा दाखला पुढे केला असता तर कायद्यानं बाजू भक्कम होती. पण पबमध्ये शिरताना 'वर्तणूक चांगली' असं लिहिलेला कागद दाखवायला पोरांना लाज वाटली असती, हेही समजून घेतलं पाहिजे.

ज्यांना शाळाच दिसली नाही, त्यांचं दुखणं उलट दिशेचं. आमच्या पाड्यावरचे एक आजोबा सांगतात, राजाचं राज्य गेलं तेव्हा मी गुरं राखत होतो. जव्हारचं संस्थान विलीन झालं १९४८ मध्ये. गुरं राखायची म्हणजे सात-आठ वर्षांचा पोर तरी हवा, त्यापेक्षा लहानाच्या हाती कोण बैल देईल? म्हणजे आजोबांचा जन्म १९४० च्या आसपासचा. आधारच्या वेळी मशीनवरच्या पोरानं विचारलं, वय किती? आजोबा म्हणाले, असेल साठेक. त्यांच्या कार्डावर तारीख नाही, महिना नाही, नुसतं जन्म वर्ष आहे, १९५३. एसटीत २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट झालाय, पासष्ट ते पंचाहत्तरपर्यंत अर्धं तिकीट. आजोबा दर खेपेला कंडक्टरला संस्थानाचा इतिहास सांगतात. कंडक्टर आमच्याच भागातला आहे, आजोबांना लहानपणापासून म्हातारेच बघत आलाय, ऐकूनही घेतो मनापासून. मग अर्धं तिकीट फाडतो. "आजोबा, मला पटतंय, पण कार्डाला पटलं पाहिजे."

नातू दारावर लहान ठरतो, आजोबा गाडीत तरुण ठरतात. तक्रार एकच.

आता हे सगळं हळूहळू मोडीत निघणार आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मनोंदणीचा सुधारलेला कायदा लागू झालाय, आणि त्या दिवसापासून जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी एकच कागद: जन्माचा दाखला. बाळंतपणंही आता बरीचशी दवाखान्यात होतात. माझ्या ताईची नात मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात झाली, २ जानेवारी २०२४ ला, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी. मिनिटासकट! आमच्या घराण्यात जन्माची वेळ माहीत असलेलं हे पहिलं माणूस. दाखला हातात आला तेव्हा भाच्यानं त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

ताईला मात्र तो दाखला पसंत नाही. अंगणवाडीच्या बाईंनी तिला पहिलीचा नियम समजावून सांगितला, की ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण झाली तरच प्रवेश. ताईनं बोटांवर मोजलं आणि तिच्या लक्षात आलं की पोरगी दोन दिवसांनी चुकतेय, बाकीच्या पोरी पुढे जातील आणि ही मागे राहील. गेल्या वेळी घरी गेलो तेव्हा तिनं तो दाखला माझ्यापुढे ठेवला.

"दोन दिवसांपायी पोरीचं वरीस घालवायचं? काही नाही, आपल्या गुरुजींना सांग, एक जून करून देतील."

"ताई, गुरुजी आता कुठले? ते ३१ मेला रिटायर झाले."