नौकावतरणविधी (सहकुटुंब, सहपरिवार)

पूजेच्या पोथीत आधी सामग्री, मग संकल्प, मग विधी आणि शेवटी विसर्जन असा क्रम असतो. सार्वजनिक रॅम्पवरून बोट पाण्यात सोडण्याचा क्रमही जवळपास तोच. फरक एवढाच की इथे विसर्जन झालेली मूर्ती संध्याकाळी धडधाकट परत घरी न्यायची असते. पुष्कळ यजमान नेमकं हेच विसरतात.

प्रस्तुत मार्गदर्शन मिनेसोटातल्या मराठी बांधवांसाठी आहे. या राज्यात दहा एकर किंवा त्याहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत. गाड्यांच्या नंबरप्लेटवर मात्र दहा हजारच लिहितात. वरच्या अठराशेंची बढाई मारणं तिथल्या लोकांना प्रशस्त वाटत नसावं. नवा आलेला मराठी माणूस पहिली काही वर्षं तळ्याकाठी चटई टाकून भेळ खातो. मग घर होतं, घराला गॅरेज असतं, गॅरेजात एक मोकळा कोपरा दिसतो आणि तिथे बोट येते. बोट विकणारा ती चालवायची कशी, हे हौसेनं दाखवतो. ती पाण्यापर्यंत न्यायची कशी, हे कोणी सांगत नाही, आणि अब्रू जाते ती तेवढ्याच अंतरात.

रॅम्प म्हणजे पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार. तो १२ ते १५ टक्के असावा असा संकेत आहे, म्हणजे शंभर फुटांमागे बारा ते पंधरा फूट खाली. याहून सपाट असला तर बोट तरंगण्याआधी गाडीच पाण्यात शिरते; याहून उभा असला तर गाडीला वर यायला धाप लागते. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले वडील सहा महिन्यांसाठी आलेले असतील, तर ते हा उतार बुटाच्या टाचेनं मोजून "चौदा आहे" असा निर्णय देतील. त्यांना "हो बाबा" म्हणावं आणि लगेच वर आणून उभं करावं. पाण्यालगतच्या काँक्रीटवर शेवाळ असतं.

मुहूर्ताबद्दल. मेच्या मध्यावर एका शनिवारी वॉलाय माशाचा हंगाम मध्यरात्रीच उघडतो आणि तेव्हापासून रॅम्पवर दिव्यांची रांग लागते. त्या दिवशी नवशिक्यानं घरी राहावं. एरवीच्या शनिवारी पहाटे पाचला गळ टाकणारे येतात. ते बोलत नाहीत आणि चुकतही नाहीत. आपला माणूस "सातला निघू" म्हणून, पोहे खाऊन, साडेदहाला पोचतो. तेव्हा रॅम्प मोकळा असतो आणि त्याला वाटतं, बघा, उशिरा येण्याचा फायदा! बोट पाण्यात सोडल्यावर कळतं की ट्रेलर लावायची एकही जागा शिल्लक नाही. मग यजमान गाडी आणि ट्रेलर घेऊन परगावी जातात आणि कुटुंब बोटीत बसून त्यांची वाट पाहतं. यावर उतारा एकच: मंगळवार. रजा टाका.

आता सामग्री, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळी मेख इथेच आहे. रॅम्पच्या वर, पार्किंगच्या कडेला, तयारीसाठी जागा सोडलेली असते. जे काही करायचं ते तिथे. बोटीवरचं कापड काढा. बर्फाची पेटी, गळ, टोप्या, सनस्क्रीन बोटीत भरा. लाइफ जॅकेट अंगावर चढवा. दहा वर्षांखालच्या मुलांनी ते चालत्या बोटीत घातलेलंच पाहिजे असा या राज्याचा कायदा आहे, आणि "अगं पण त्याला उकडतंय" हा त्याला अपवाद नाही. बोटीच्या पुढे एक, मागे एक असे दोर बांधा. ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढा. बोटीला मागून ट्रेलरशी जखडणारे पट्टे सोडा. ते सोडायचे राहिले तर बोट तरंगते खरी, पण ट्रेलरलाही सोबत घ्यायला बघते. पुढचा, विंचचा पट्टा मात्र वर असताना सोडू नका. "तेवढंच काम हलकं" म्हणून तो आधीच सोडला की बोट उतारावर आपणहून निघते आणि पाण्याऐवजी काँक्रीटवर उतरते. त्या आवाजानं पहाटेचे न बोलणारेसुद्धा वळून बघतात.

उरलं बूच.

बोटीच्या मागच्या बाजूला, तळाशी, अंगठा जाईल एवढं एक भोक असतं. आत साचलेलं पाणी बाहेर जावं म्हणून ते ठेवलेलं असतं आणि त्याला बूच असतं. आता गंमत बघा. मिनेसोटाचा कायदा सांगतो की रस्त्यावरून बोट नेताना हे बूच काढलेलंच असलं पाहिजे. पाणी सांगतं, माझ्यात उतरताना ते लावलेलंच असलं पाहिजे. म्हणजे माणसाच्या विसरभोळेपणाची सरकारनं दर फेरीला परीक्षा घ्यायची ठरवली आहे. बोट सुटते, सगळे हात हलवतात, फोटो निघतात, आणि मग सासूबाई विचारतात, "माझी चप्पल ओली का झाली रे?" या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नये. बोट मागून जड झालेली असते. घाबरून न जाता ती ताबडतोब ट्रेलरवर आणावी, उतारावरून वर घ्यावी आणि पाणी निथळू द्यावं. निथळायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ रॅम्पवर नव्हे, बाजूला जाऊन उभं राहावं. प्रवासात बूच गाडीच्या स्टिअरिंगला दोरीनं टांगून ठेवण्याची पद्धत चांगली. एक जादाचं बूच डिकीत असावं, कारण पहिलं कुठल्यातरी सुरक्षित जागी ठेवलेलं असतं.

यानंतर प्रत्यक्ष विधी, म्हणजे रिव्हर्स. ट्रेलर जोडलेली गाडी मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. मुंबईत बेस्टच्या बसला कट मारून गेलेले वीरही इथे केविलवाणे होतात. उपाय जुना आणि रामबाण आहे: हात स्टिअरिंगच्या तळाशी, घड्याळात सहा वाजतात तिथे धरा. मग हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलर जाईल. हात थोडाच हलवा. ट्रेलर तिरका होऊ लागला की हट्टानं मागे जाऊ नका. पुढे या, सरळ व्हा, पुन्हा सुरू करा. छोटा ट्रेलर सोपा असेल असं वाटतं, पण तोच जास्त चटकन वळतो आणि जास्त छळतो. हा सराव शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये संध्याकाळी करावा. रॅम्प ही परीक्षेची जागा आहे, क्लासची नव्हे.

खरा प्रश्न मात्र मागे उभ्या राहणाऱ्या माणसाचा आहे. आपल्याकडे गाडी मागे येताना दिसली की रस्त्यावरचा कोणीही "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" सुरू करतो. त्या "येऊ दे"ला एक लय लागते आणि लय लागली की "बस" नेहमी धडकेनंतर येतं. रॅम्पवर ते उशिरा आलं तर गाडीचं धुराडं पाण्याखाली बुडबुडे काढू लागतं. त्यात कुटुंबातले सगळेच दिग्दर्शक.

"डावीकडे घे!"

"माझ्या डावीकडे की तुझ्या?"

"अरे, ट्रेलरच्या!"

"तुम्ही दोघं गप्प बसा, मी सांगतो," हे वडील.

म्हणून नियम असा की सूचना एकानंच द्याव्यात, आणि आरशात त्याचं तोंड दिसत नसेल तर त्याला आपणही दिसत नाही असं समजून थांबावं. डावं-उजवं हे शब्द त्या दिवसापुरते वर्ज्य. "झाडाकडे" आणि "धक्क्याकडे" हे दोनच शब्द ठरवून घ्यावेत. झाड आणि धक्का कुणाच्याही बाजूनं बघितलं तरी जागा सोडत नाहीत. बोट तरंगली की गाडी पार्कमध्ये टाका आणि हँडब्रेक ओढूनच खाली उतरा. उतारावर उभी राहिलेली गाडी मालकाला सोडून तळ्यात गेल्याच्या कथा प्रत्येक तळ्याला स्वतःच्या आहेत.

पहाटे अंधारात रांगेत असाल तर हेडलाइट बंद करा. उतारावर गाडी मागे घेणाऱ्याला तेच तेवढे दिसत असतात.

रांगेबद्दल आपल्या लोकांना फार शिकवण्याची गरज नाही असं म्हणवत नाही. बोट सुटली की धक्क्याला बांधून ठेवावी आणि यजमान गाडी लावून येईपर्यंत सगळ्यांनी त्यावर बसून फोटो काढावेत, असा समज आढळतो. धक्का चढण्या-उतरण्यापुरता आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची कला इथे चालत नाही. टाकलेला रुमाल कोणीतरी नम्रपणे उचलून, "तुमचा पडला वाटतं," म्हणून परत आणून देईल. त्या नम्रतेलाही जपून असावं. मिनेसोटाचा माणूस हॉर्न वाजवत नाही, ओरडत नाही, कपाळावर आठीही आणत नाही. पंधरा मिनिटं तुमची धडपड पाहून तो गाडीतून उतरतो, खिशात हात घालून शांतपणे चालत येतो आणि विचारतो, "मदत करू का?" याचा मराठी अर्थ "काका, आता पुरे" असा आहे. "नको, नको, झालंच!" म्हणू नये. किल्ली द्यावी. तो एका दमात ट्रेलर नेमका पाण्यात नेईल, वर "कठीणच आहे हा रॅम्प" असंही म्हणेल. रॅम्प कठीण नाही हे दोघांनाही ठाऊक असतं.

या सगळ्या घाईला जबाबदार कोण, हे शोधायचं तर शेजारच्या विस्कॉन्सिनात जावं लागतं. ओले एव्हिन्रूड या नॉर्वेत जन्मलेल्या गृहस्थानं म्हणे प्रेयसीसाठी आइस्क्रीम आणायला वल्ही मारत तळं ओलांडलं आणि परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळलं. १९०९ मध्ये त्यानं बोटीच्या मागे लावायची मोटर बाजारात आणली. आइस्क्रीमची गोष्ट खरी असो वा रचलेली, तळं ओलांडायला आता पाच मिनिटं लागतात आणि तळ्यात उतरायला पाऊण तास.

संध्याकाळी उलटा विधी. ढग गडगडले की तळ्यावरच्या सगळ्यांना एकाच वेळी घर आठवतं. बोटवाल्यानं धक्क्यापासून दूर, पाण्यातच थांबावं. गाडीवाल्यानं रांगेत लागावं. पाळी आली की बोट हळूच ट्रेलरवर आणून विंचनं ओढून घ्यावी. हात दुखतात म्हणून इंजिनाचा जोर लावून ती वर चढवणारे शूरवीर भेटतील. त्यांच्या पंख्याच्या झोतानं रॅम्पच्या टोकाखालची माती उडते, तिथे खड्डा पडतो आणि मागे उंचवटा होतो. खड्ड्यात पुढच्याच्या ट्रेलरचं चाक अडकतं, उंचवट्यावर त्याच्या पुढच्याचा पंखा घासतो. आपण तेव्हा घरी पिठलं खात असतो.

वर आल्यावर पुन्हा बाजूला. बूच काढा, पाणी सोडा, ट्रेलरला अडकलेलं शेवाळ आणि गवत हातानं ओढून काढा. हे सोवळं-ओवळं नव्हे. कॅस्पियन आणि काळ्या समुद्राकडून जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आलेले, नखाएवढे झेब्रा शिंपले १९८८ च्या सुमारास ग्रेट लेक्समध्ये सापडले आणि २०१० मध्ये मिनेटोंका तळ्यातही निघाले. एका तळ्यातून दुसऱ्यात ते आपल्याच बोटींना चिकटून जातात. मालवणकडच्या मंडळींनी "याचं सुकं होईल का?" हा प्रश्न विचारू नये, ते पाणी गाळून त्यातली घाण अंगात साठवतात. उन्हाळ्यात कधी कधी जाकीट घातलेली एखादी कॉलेजची मुलगी पाटी घेऊन उभी असते आणि विचारते, "ही बोट याआधी कुठल्या तळ्यात होती?" तिला तळ्याचं नाव हवं असतं. बोट कशी घेतली, कितीला पडली आणि मुलगा कुठल्या कॉलेजात आहे, हे नको असतं.

आणि कधीतरी असा दिवस येईल की पुढे दुसराच कोणी नवशिका असेल, त्याचा ट्रेलर तिसऱ्यांदा धक्क्याकडे जात असेल आणि आपल्याला सगळं येत असेल. काच खाली करून "झाडाकडे! झाडाकडे!" असं ओरडण्याची ऊर्मी दाबावी. त्याला ते झाड माहीत नसतं. त्याऐवजी धक्क्यावर जाऊन त्याच्या बोटीचा दोर धरावा, एवढी एकच मदत न विचारता करता येते. बायको मागून चकल्यांचा डबा काढून "त्या मुलांना देऊ का रे, केव्हाची उभी आहेत?" असं विचारेल. जरूर द्याव्यात. पण त्याची बोट सुटली की आधी आपला ट्रेलर खाली घ्यायचा. डबा वर पार्किंगमध्ये उघडायचा.